नाशिकच्या जुन्या रेड वाइनचे चवपरीक्षण : प्रकल्प नोंदी

14 ऑक्टोबर 2023

नाशिक जिल्ह्यात तयार झालेली रेड वाइन बाटलीत दहा वर्षे टिकते का, आणि टिकत असेल तर नुसती टिकते की सुधारते, हा या प्रकल्पाचा एकमेव प्रश्न आहे. दुकानदारांपासून हॉटेलातल्या वाढप्यांपर्यंत बहुतेक जण सांगतात की इकडची रेड दोन-तीन वर्षांत पिऊन संपवावी. हे मत कशावरून बनले असे विचारले की उत्तर मिळत नाही, कारण जुन्या बाटल्या जमवून, वर्षांच्या ओळीने उघडून, रीतसर लिहून ठेवलेल्या नोंदी आमच्या पाहण्यात आलेल्या नाहीत.

मुळात इथला इतिहासच लहान आहे. नारायणगावला इंडेज या वाइन कंपनीने ऐंशीच्या दशकात काम सुरू केले होते, पण नाशिकचा खरा आरंभ 2000 साली सुला या इथल्या वायनरीची (वाइन बनवणाऱ्या कारखान्याची) पहिली वाइन बाजारात आली तेव्हाचा म्हणावा लागेल. पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले, विंचूरला वाइन पार्क (वायनरींसाठीची औद्योगिक वसाहत) उभे राहिले आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी या तालुक्यांत वाइन द्राक्षाच्या लागवडी वाढल्या. त्यामुळे आमच्या हाती येऊ शकणारी जुन्यात जुनी बाटलीही फार तर वीस वर्षांच्या आसपासची असेल, आणि म्हणूनच हे काम आत्ता करणे आवश्यक आहे: पहिल्या पिढीच्या ज्या थोड्या बाटल्या उरल्या आहेत, त्या आणखी दहा वर्षांनी शोधून सापडणार नाहीत.

चवीला आम्ही चौघे आहोत: हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या ताई, अन्न प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेले सर, दिंडोरी तालुक्यात वाइन द्राक्षाची बाग असलेले नाना आणि नोंदी ठेवणारा मी. बाटल्या कापडी पिशवीत झाकून ओतायच्या, वाइन 16 ते 18 अंशांच्या दरम्यान ठेवायची, प्रत्येकाने आपली नोंद लिहून होईपर्यंत बोलायचे नाही आणि नोंदींत वायनरीचे नाव कोठेही घालायचे नाही, हे नियम पहिल्याच बैठकीत ठरले. शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रश्न प्रदेशाचा आहे. एका बाटलीवरून एखाद्या वायनरीची परीक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

5 नोव्हेंबर 2023

बाटल्या तीन ठिकाणांहून आल्या आहेत. काही वायनरींनी आपल्या थंड खोलीतून दिल्या, काही वाइनप्रेमी कुटुंबांनी वाइनच्या फ्रिजमधून काढून दिल्या, आणि बऱ्याचशा घरातल्या माळ्यावरून किंवा भिंतीतल्या कपाटातून निघाल्या, जिथे त्या कोणीतरी भेट दिल्यापासून पडून होत्या. प्रत्येक बाटलीबरोबर ती कोठे, किती काळ, उभी की आडवी होती याची माहिती लिहून घेतली. ही माहिती नसेल तर बाटली स्वीकारायची नाही, असे सरांनी ठामपणे सांगितले, आणि त्यांच्या या आग्रहाला मान देऊन आम्ही दोन मोहात पाडणाऱ्या बाटल्या परत केल्या.

उघडण्याआधी बाटलीच्या बाहेरून बरेच कळते. उजेडासमोर धरली की मानेत वाइनची पातळी दिसते. चांगल्या ठेवलेल्या बाटल्यांत ती बुचाच्या बोटभर खाली आहे, तर कपाटातल्या काही बाटल्यांत ती खांद्यापर्यंत उतरली आहे. याच दुसऱ्या गटातल्या एका शिराझच्या (शिराझ या लाल द्राक्षजातीच्या वाइनच्या) बाटलीचे वरचे आवरण सोलले तेव्हा बूच बाटलीच्या काठापेक्षा किंचित वर आलेले होते आणि त्याच्या कडेने वाळलेल्या वाइनचा काळपट, चिकट ओघळ होता. उन्हाळ्यात वाइन फुगून बूच ढकलले गेले, हिवाळ्यात ती आक्रसली आणि बाहेरची हवा आत गेली, असा त्याचा अर्थ. सरांनी हिशेब मांडला: तापमानात वीस अंशांचा फरक पडला तर 750 मिलीलिटर वाइनचे आकारमान साधारण पाच मिलीलिटरने वाढते, आणि मानेत मोकळी जागा जवळपास तितकीच असते.

29 नोव्हेंबर 2023

तीन दिवसांपूर्वी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाडकडे बागांचे फार नुकसान झाले आहे. नाना आज बैठकीला आले ते थेट बागेतून, आणि ठरवलेले काम बाजूला ठेवून आम्ही त्यांच्याकडून हंगाम समजून घेतला, कारण जुन्या बाटल्यांवरची वर्षे वाचायची तर हे समजणे अटळ आहे.

इथल्या वेलीला थंड देशांतल्यासारखी हिवाळी झोप नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठीची), पावसाच्या शेवटी सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी (घड धरण्यासाठीची), आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी, असे चक्र चालते. त्यामुळे बाटलीवर 2010 लिहिले असेल तर ते द्राक्ष 2009 च्या पावसाळ्याअखेरच्या छाटणीतून आलेले असते, आणि 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या वेळी झालेल्या पावसाचा परिणाम 2010 च्या वाइनमध्ये शोधावा लागतो. तसेच 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ऐन तोडणीच्या वेळी झाली; उशिरा पिकणाऱ्या लाल जातींना तिचा मार अधिक बसला, तर तोवर तोडून झालेली पांढरी द्राक्षे वाचली.

याहून खोल फरक पिकण्याच्या दिशेचा आहे. युरोपात द्राक्ष पिकत जाते तसतशी हवा थंड होत जाते. नाशिकला उलट घडते: मण्यात रंग भरतो तो डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत, आणि तोडणी लांबली की फेब्रुवारी-मार्चचे ऊन वाढत जाते. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, आणि बियांतला तुरटपणा मात्र अजून कोवळाच असतो. नाना म्हणाले, "ताई, तुम्ही ज्याला समतोल म्हणता ना, ते आमच्याकडे आठ दिवसांत हातातून जातं." समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरची उंची आणि त्या थंड रात्री, एवढ्याच आधारावर इथली रेड वाइन उभी आहे. तोडणी नेमकी केव्हा केली, यावर ती पुढे किती वर्षे टिकेल हे बरेचसे ठरते.

17 डिसेंबर 2023

आज पहिले मोठे चवपरीक्षण झाले. एकाच भागातल्या शिराझच्या 2008 ते 2013 या वर्षांच्या बाटल्या, सगळ्या वायनरीच्या थंड खोलीतून आलेल्या. म्हणजे साठवणीचा दोष वगळून केवळ वाइन काय सांगते ते पाहायचे होते.

बुचे काढण्यासाठी दोन पात्यांचा ओपनर वापरला, कारण दहा वर्षांचे बूच स्क्रूने ओढले की मधोमध तुटते. 2008 चे बूच तरीही खालच्या टोकाला भुसभुशीत झाले होते. वाइन अलगद डिकॅन्टरमध्ये (गाळ मागे ठेवून वाइन ओतून घेण्याच्या काचेच्या सुरईत) ओतली, बाटलीच्या खांद्यामागे टॉर्च लावून गाळ मानेपर्यंत येताच थांबवली. गाळ बारीक, गडद आणि भरपूर निघाला. रंगद्रव्ये आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतले तुरट द्रव्य) वर्षानुवर्षे एकमेकांशी जुळत लांब साखळ्या बनवतात आणि जड झाल्यावर तळाशी बसतात. तुरटपणा कमी होतो त्यामागेही हेच कारण आहे.

2008 ची वाइन पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून पाहिली तेव्हा मध्यभागी गडद माणिक रंग आणि कडेला विटकरी छटा होती. वासात ताजे फळ उरलेले नव्हते. काळे मनुके, सुके अंजीर, तंबाखूचे पान आणि मागून लवंग. तोंडात टॅनिन पूर्ण विरघळलेले, पण शेवट (घोटानंतर रेंगाळणारी चव) आखूड. चौघांनीही ती शिखर ओलांडलेली, तरी अजून पिण्यात आनंद देणारी अशी नोंदवली.

2010 ने निराश केले. वास उलगडेना, घोटाचा मधला भाग पोकळ, आणि कडेला शिजवलेल्या पालेभाजीसारखा वास जो हवेत ठेवूनही गेला नाही. नोव्हेंबरच्या पावसात केवडा (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) पडलेल्या बागांतून असे द्राक्ष येऊ शकते, असे नानांचे मत पडले. एका बाटलीवरून वर्षाला नावे ठेवता येत नाहीत, म्हणून त्याच वर्षाच्या आणखी बाटल्या शोधायचे ठरले.

2012 ही आजची खरी उपलब्धी. जांभूळ अजून ओळखू येत होते, पण त्याच्या भोवती मिरी, कातडे आणि पावसानंतरच्या मातीचा वास जमा झाला होता. आंबटपणा शेवटपर्यंत ताठ उभा होता. तासाभराने ग्लासात ती अधिकच खुलली. ताईंनी तिच्या नोंदीखाली "अजून पाच वर्षे सहज" असे लिहिले. माझेही मत तेच आहे, आणि ते मी पूर्ण विचार करून नोंदवत आहे. अकरा वर्षांची, इथल्या मातीतली, काळाबरोबर वाढलेली वाइन आज आमच्यासमोर होती, आणि प्रकल्पाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिने देऊन टाकले.

7 जानेवारी 2024

सरांनी मागच्या वेळच्या सर्व नमुन्यांचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) मोजून आणला. टिकलेल्या वाइनचे आकडे 3.5 ते 3.6 च्या आसपास आहेत, आणि ज्या थकलेल्या वाटल्या त्यांचे 3.8 च्या वर. हा फरक दिसायला किरकोळ आहे, परिणामात मात्र नाही. वाइनचे रक्षण करणाऱ्या गंधक डायऑक्साइडचा खरोखर काम करणारा भाग पीएच वाढला की झपाट्याने घटतो. पीएच 3.4 ऐवजी 3.8 असेल, तर तितक्याच संरक्षणासाठी सुमारे अडीच पट मुक्त गंधक डायऑक्साइड लागतो. तेवढा घालणे परवडणारे नसते, आणि मग ब्रेटानोमायसीससारख्या यीस्टला मोकळे रान मिळते. थकलेल्यांपैकी एका ग्लासातला तबेल्यासारखा वास त्याचाच होता.

पीएच इतका का चढतो, याचे उत्तर काही अंशी जमिनीखाली आहे. खाण्याच्या द्राक्षासाठी आपल्याकडे डॉगरिज हा खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाची जात कलम करतात तो वेल) सर्रास वापरला गेला, कारण तो पाण्याचा ताण आणि खारट जमीन सहन करतो. पण तो पोटॅश भरपूर उचलतो, आणि मण्यात पोटॅश वाढले की टार्टारिक आम्ल त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते आणि रसाचा पीएच चढतो. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात या विषयावर बरेच काम झाले असून वाइनच्या जातींसाठी 110-आर या खुंटाकडे कल वळला आहे. जुन्या बाटल्यांसोबत खुंटाची माहिती मिळाली तर मागायची, असे आज ठरले.

28 जानेवारी 2024

हा दिवस सविस्तर नोंदवण्याजोगा आहे.

एकाच वायनरीच्या 2012 च्या कॅबरने सॉव्हिन्याँ या लाल द्राक्षजातीच्या, एकाच बॅचच्या बाटल्या आम्हाला दोन ठिकाणांहून मिळाल्या होत्या. एक गट वायनरीच्या 14-15 अंशांच्या खोलीत आडवा पडून होता. दुसरा नाशिकरोडच्या एका फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, बहुतेक काळ उभा. द्राक्ष तेच, बॅरल तेच, बूच तेच. फरक केवळ ठेवण्याचा.

सरांनी त्रिकोणी चाचणी लावली: प्रत्येकासमोर तीन ग्लास, त्यांतल्या दोघांत एकच वाइन, आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचे. रंगावरून कोणी ओळखू नये म्हणून खोलीत लाल दिवा लावला होता. चौघांनीही नुसत्या वासावर अचूक उत्तर दिले. इतकी एकवाक्यता यापूर्वी कोणत्याच बैठकीत झाली नव्हती.

नंतर पांढऱ्या उजेडात दोन्ही शेजारी ठेवल्या. थंड खोलीतल्या वाइनच्या मध्यभागी अजून काळसर लाली होती. वास हळू उलगडला: आधी आमसूल, मग काळा मनुका, मग सिगारच्या लाकडी पेटीसारखे काहीतरी कोरडे आणि सुगंधी. हिरड्यांवर तुरटपणा जाणवला, पण तो बारीक दाण्याचा होता, ओरखडणारा नव्हता. घोट गिळल्यानंतरही चव बराच वेळ रेंगाळली. कपाटातल्या वाइनचा रंग सबंध तपकिरीकडे झुकलेला. पहिला वास मुरांब्याचा, म्हणजे साखरेत शिजलेल्या फळाचा, आणि त्यामागे पाठोपाठ व्हिनेगरची चुणूक. तोंडात गोडसर भास, मग एकदम कडवट, कोरडा शेवट. फळ संपले होते, पण तुरटपणा मऊ झालाच नव्हता.

या दुसऱ्या गोष्टीवर आम्ही बराच वेळ थांबलो. सर्वसाधारण समज असा असतो की उष्णतेने वाइन लवकर जुनी होते, म्हणजे पंधरा वर्षांची मजल पाच वर्षांत गाठते. प्रत्यक्षात तसे होत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो हे खरे. पण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. ज्यांनी वास आणि रंग बिघडतो त्या पुढे धावतात, आणि ज्यांनी वाइन मुरते त्या मागे राहतात. कपाटातली बाटली म्हातारी झालेली नव्हती, ती शिजलेली होती.

म्हणून या प्रकल्पातला माझा सर्वांत पक्का निष्कर्ष मी आजच लिहून ठेवतो. नाशिकची रेड टिकत नाही, हे मत ज्या बाटल्यांवरून तयार झाले त्यांतल्या बहुतेक अशाच कपाटांतून, दुकानांच्या उजेडातल्या फळ्यांवरून आणि वातानुकूलन नसलेल्या गोदामांतून आलेल्या असाव्यात. जो दोष द्राक्षाच्या माथी मारला जातो, त्यातला मोठा भाग आपण वाइन कशी ठेवतो याचा आहे.

3 मार्च 2024

टेंप्रानियो (ही स्पेनची लाल द्राक्षजात) आणि मिश्र वाइनचे परीक्षण झाले. नाना तोडणीत गुंतल्यामुळे येऊ शकले नाहीत. नाशिकच्या टेंप्रानियोचे बॅरलमध्ये ठेवलेले नमुने सहा-सात वर्षांपर्यंत उत्तम होते, त्यापुढे फळ मागे हटून बॅरलच्या ओक लाकडाचा व्हॅनिलासारखा वास एकटाच उरला. शिराझ मिसळलेल्या बाटल्या अधिक तग धरून होत्या. तुलनेसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची सँजोव्हेसे (इटलीची लाल द्राक्षजात) आणि कॅबरने यांची मिश्र वाइन घेतली होती. अकलूज नाशिकपेक्षा उष्ण, पण सँजोव्हेसेचा मूळचा आंबटपणा तिथे कामी येतो. तिचा शेवट स्वच्छ आणि लांब होता, आणि आंबटपणा राखणाऱ्या जातींकडे इथे अधिक लक्ष जायला हवे असे मला त्यावरून वाटते.

स्पेनमधल्या रिओखाच्या एका ग्रान रेसेर्वाची बाटलीही शेवटी उघडली. तिथे हे नाव लावायचे तर वाइन किमान पाच वर्षे, त्यांतली दोन बॅरलमध्ये, मुरवूनच बाजारात आणावी लागते. म्हणजे मुरण्याचा काळ, जागा आणि भांडवल यांचा भार वायनरी उचलते. आपल्याकडे 2008 च्या अखेरीस मुंबईवरचा हल्ला आणि जागतिक मंदी या दोन्हींमुळे मागणी कोसळली, टाक्या भरलेल्या राहिल्या, कित्येक लहान वायनरी बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी वाइन द्राक्षाच्या बागा उपटल्या. अशा काळात कोणी पाच वर्षे वाइन धरून ठेवावी, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नव्हती. त्या काळात उपटल्या गेलेल्या कॅबरनेच्या वेली आज वयात आलेल्या असत्या, याचे मात्र मनापासून वाईट वाटते.

19 मे 2024

नाशिकरोडच्या त्याच कपाटात आणि आणखी तीन घरांत तापमान नोंदवणारी यंत्रे मार्चपासून ठेवली होती. पश्चिमेच्या कपाटात गेल्या पंधरवड्यात दुपारी 36 अंशांपर्यंत पारा गेला आणि पहाटेही 30 च्या खाली क्वचितच उतरला. तळमजल्यावरच्या जुन्या दगडी वाड्यातल्या कोठीच्या खोलीत मात्र तो 27-28 च्या वर गेला नाही, आणि दिवसरात्रीतला फरक दोन अंशांचाही नव्हता. या कोठीतून आलेल्या 2013 च्या शिराझला आम्ही चांगले गुण दिले होते, त्याचे कारण आता समजले. थंडावा अपुरा असला तरी स्थिरता मोठे काम करते, कारण बुचाचे वरखाली होणे थांबते.

11 ऑगस्ट 2024

इगतपुरीच्या धो-धो पावसात जमलो. पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे लेबलांना बुरशी येते, पण बुचे ओलसर राहतात, त्यामुळे वाइनला त्याचा अपाय दिसला नाही. आज बूच आणि स्क्रू कॅप अशा दोन्ही प्रकारच्या 2014-15 च्या बाटल्या शेजारी ठेवल्या. स्क्रू कॅपच्या बाटल्या एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या आणि फळाने ताज्या होत्या, जरी उघडताच जळलेल्या काडीसारखा वास काही मिनिटे येत होता. बुचाच्या बाटल्यांत एक अप्रतिम, एक साधारण आणि एक बूच दूषित असल्यामुळे ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची निघाली. नाशिकच्या घरगुती साठवणीसाठी मी स्क्रू कॅपच सुचवेन.

6 ऑक्टोबर 2024

2010 च्या आणखी बाटल्या मिळाल्या आणि त्या पहिलीपेक्षा बऱ्या निघाल्या, तरी 2012 च्या जवळपासही नाहीत. ते वर्ष साठवणीला योग्य नव्हते, हे मत आता नोंदवता येते. बाकी नोंदींतून जे हाती आले ते असे, की पीएच 3.6 पर्यंत राखलेली, तोडणी फेब्रुवारीच्या उन्हाआधी उरकलेली आणि 15 अंशांच्या आसपास स्थिर ठेवलेली नाशिकची शिराझ किंवा कॅबरने दहा-बारा वर्षे सुधारत जाते. पीएच 3.8 च्या वर असलेली वाइन थंड खोलीतही वाचली नाही, ती तीन-चार वर्षांतच प्यावी.

ज्या वायनरींनी बाटल्या दिल्या त्यांना आमच्या नोंदींची प्रत पाठवली असून, प्रत्येक चांगल्या हंगामाच्या काही पेट्या विक्रीबाहेर थंड खोलीत राखाव्यात आणि बाटलीत भरताना मोजलेला पीएच त्या पेट्यांवर लिहून ठेवावा, अशी विनंती केली आहे. दोघांनी होकार कळवला आहे. आमच्याकडूनही 2022 च्या हंगामाच्या चार निवडक रेड वाइनच्या पेट्या वाड्यातल्या कोठीत आणि वाइनच्या फ्रिजमध्ये निम्म्या-निम्म्या ठेवल्या आहेत. दोन्हीकडे तापमानाची यंत्रे चालू आहेत, आणि पहिला संच 2029 च्या डिसेंबरात उघडायचा आहे.